बारा धाग्यांचा डीएनए, ५२८ हर्ट्झ आणि आईंची थायरॉइडची गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंच्या आई ५८ वर्षांच्या आहेत. थायरॉइडची आणि साखरेची, अशा दोन गोळ्या चालू आहेत. त्यांनी गावातच एका ‘डीएनए ॲक्टिव्हेशन’ शिबिरात नाव घातलं आहे. तिथे सांगतात की माणसाच्या डीएनएला मुळात बारा धागे होते, त्यातले दहा झोपले आहेत. ५२८ हर्ट्झचा नाद, जोरदार श्वसन आणि संकल्प यांनी ते २१ दिवसांत जागे होतात, सात पिढ्यांचा पितृदोष पेशींतून धुऊन निघतो आणि गोळ्या आपोआप सुटतात. त्यातच धाकट्या भावाचं लग्न ठरतंय आणि ‘गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र’ हा विषय घरात निघालाय. यात खरं किती आणि आईला अडवू का, असं ताई विचारतात.

आईंना अडवू नका, ताई, पण तीन गोष्टींवर ठाम राहा. दोन्ही गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. जोरजोरात श्वास घ्यायच्या सत्रात बसायचं नाही. आणि साखरेची गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरायचा नाही. बाकी शांत बसणं, जप, संगीत, सोबतीला चार समवयस्क बायका, यात त्यांचं भलंच आहे. एकेक दावा सविस्तर उलगडतो, कारण नुसतं ‘सगळं थोतांड’ म्हटलं तर आई दुखावतील आणि शिबिराला आणखी घट्ट धरून बसतील.

बारा धाग्यांची कल्पना आपल्या कुठल्याही परंपरेतली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत, परग्रहावरच्या जिवांचे संदेश आपल्यातून उतरतात असं सांगणाऱ्या मंडळींच्या लिखाणातून ती पसरली. इकडे आल्यावर तिला चक्रं, नाड्या आणि कुंडलिनी चिकटली. हठयोगात ७२,००० नाड्या सांगितल्या आहेत आणि इडा-पिंगला एकमेकींना वेढे घालत वर जातात हे चित्र दुहेरी पिळासारखं दिसतं खरं. पण नाड्या प्राणाच्या वाटा म्हणून सांगितल्या आहेत. त्या रसायनाच्या रेणूवर बसवल्या की दोन्हींचा अर्थ जातो.

रेणूचं म्हणाल तर त्याची रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांच्या आधारावर. डीएनएची अक्षरं चार, ए, टी, जी आणि सी, आणि दोन धाग्यांवरची अक्षरं समोरासमोर जोड्या जमवतात. पिळाची जाडी २ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश), एका जोडीपासून पुढच्या जोडीचं अंतर ०.३४ नॅनोमीटर, एका वेढ्यात साधारण साडेदहा जोड्या. आत ए समोर टी, दोन हायड्रोजन बंधांनी. जी समोर सी, तीन बंधांनी. बाहेरच्या कडेला फॉस्फेटचा कणा, आणि त्यावर सगळीकडे ऋण विद्युतभार. म्हणजे जोडी जमवायची बाजू आत एकमेकांत गुंतलेली आणि बाहेरची बाजू दुसऱ्या कण्याला दूर लोटणारी. आणखी दहा धागे येऊन चिकटायचे तरी कुठे? लायनस पाउलिंग यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञानेही १९५३ च्या सुरुवातीला तीन धाग्यांची रचना सुचवली होती. तीत फॉस्फेट आत कोंबले होते, ते एकमेकांना ढकलणार, म्हणून ती टिकली नाही. पेशीतली सगळी यंत्रणाही दोनच धाग्यांच्या मापाची आहे. हिस्टोन प्रथिनांच्या चकतीभोवती १४७ जोड्यांचा तुकडा गुंडाळला जातो. एका पेशीतला साधारण दोन मीटर लांब डीएनए मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढ्या केंद्रकात असाच मावतो.

शिबिरात कधी कधी सांगतात की चार धाग्यांचा डीएनए तर शास्त्रज्ञांनीच शोधला. ते अर्धं खरं आहे. जी अक्षर भरपूर असलेल्या जागी, विशेषतः गुणसूत्रांच्या टोकांना, धागा स्वतःवर दुमडून चौपदरी गाठ तयार होते. माणसाच्या पेशींत अशा गाठी २०१३ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी दाखवल्या. पण त्या तात्पुरत्या असतात आणि त्या सोडवायला पेशीत खास प्रथिनं असतात. गाठ वेळेवर सुटली नाही तर डीएनएची नक्कल तिथे अडते आणि धागा तुटतो. पदर वाढले म्हणून शक्ती वाढली असं तिथे काहीच घडत नाही.

आणखी एक वाक्य हमखास कानावर येतं: ६४ कोडॉनपैकी आपले २०च चालू आहेत, बाकीचे ४४ बंद. हे ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतं, म्हणून त्याचा हिशेब नीट सांगतो. डीएनएची चार अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात. ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ गट, यांनाच कोडॉन म्हणतात. हे गट वाचण्याच्या कामात हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता आणि त्यासाठी त्यांना १९६८ चं नोबेल विभागून मिळालं. ६४ पैकी ६१ गट अमिनो आम्लं दर्शवतात आणि ३ गट ‘इथे थांबा’ सांगतात. अमिनो आम्लं मात्र २०च आहेत, म्हणून एकाच आम्लाला अनेक गट असतात. ल्युसिनला सहा, सेरीनला सहा, मेथिओनिनला एकच. कुणीतरी २० आम्लांचा आकडा २० कोडॉन म्हणून उचलला आणि ४४ ‘सुप्त’ कोडॉन जन्माला आले. प्रत्यक्षात तुमच्या, माझ्या आणि अंगणातल्या तुळशीच्या पेशीत ६४च्या ६४ गट आत्ता कामावर आहेत.

‘९८ टक्के डीएनए झोपलेला आहे’ या दाव्यात मात्र थोडा दम आहे, म्हणून इथे जरा थांबू. प्रथिनं बनवायची माहिती असलेला भाग खरंच दोन टक्क्यांहून कमी आहे. उरलेल्यासाठी ‘जंक’ हा शब्द सुसुमु ओहनो यांनी १९७२ साली रूढ केला. पण त्या उरलेल्या भागात कुठलं जनुक कधी आणि किती चालवायचं हे ठरवणारी बटणं आहेत, गुणसूत्रांची टोकं आहेत, मध्यबिंदू आहेत. शिवाय जवळजवळ निम्मा डीएनए म्हणजे पुन्हापुन्हा येणारे तुकडे. त्यातले बरेच एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारू शकणाऱ्या जनुकांचे आणि प्राचीन विषाणूंचे अवशेष आहेत. एकट्या विषाणूंचाच वाटा साधारण ८ टक्के. त्यातून कधी मोठं काम झालंय. गर्भाला पोसणारी वार घडवताना पेशी एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन हे प्रथिन असंच एका जुन्या विषाणूकडून आलेलं आहे. पण हे अवशेष शरीराने मुद्दाम बंद करून ठेवलेले असतात. त्यांच्यावर मिथाइल गटांची, म्हणजे बारीक रासायनिक खुणांची, मोहर बसवलेली असते. ती मोहर सुटून ते तुकडे जागे होणं कर्करोगाच्या पेशींत दिसतं. म्हणजे ‘झोपलेला डीएनए सगळा जागा करू’ हे वचन कुणाला खरोखर साधलं असतं तर आधी त्यालाच घाबरायला हवं होतं. आणि कमी वापरलेल्या डीएनएवरून सुप्त शक्ती मोजायची तर कांद्याच्या पेशीत माणसाच्या सुमारे पाचपट डीएनए असतो.

‘संकल्पाने परीक्षानळीतला डीएनए बदलला’ असाही एक प्रयोग सांगितला जातो. डीएनए २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. दोन धागे सुटे झाले की हे शोषण सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणून शोषण बदललं की ‘पीळ सुटला’ असा निष्कर्ष निघतो. अडचण इथेच आहे. नळी हातात धरल्याने तापमान बदललं, मिठाचं प्रमाण जरा घसरलं, आम्लता सरकली, काचेवर बोटाचा ठसा राहिला, नळीत बुडबुडा आला, तरी आकडा हलतो. असा प्रयोग मानायचा तर संकल्प करणाऱ्याने नळीला हात लावता कामा नये, बाजूला तशीच दुसरी नळी हवी, आणि मोजणाऱ्याला कुठली नळी कोणती हे माहीत नको. शिवाय तोच निकाल दुसऱ्या, त्या गटाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत यायला हवा. एवढं झाल्याशिवाय त्याच्यावर आईंची गोळी सोडू नका.

आता ५२८ हर्ट्झ. सहा ‘प्राचीन’ स्वरांपैकी हा एक, असं सांगतात. उत रे मी ही स्वरनावं अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो यांनी रुळवली, पण त्यांना आकडे नव्हते. ज्यांच्या नावावरून हर्ट्झ हे एकक (सेकंदाला किती कंपनं) आलं ते हाइनरिख हर्ट्झ १८५७ साली जन्मले. ३९६, ४१७, ५२८ ही यादी १९९० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. बडोद्यात १८८६ पासून संगीतशाळा आहे. तिथल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, आपल्याकडे सा हा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो. सफेद एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आजच्या पेटीवर साधारण ५२३ हर्ट्झला येतो. ५२८ त्याहून किंचित चढा, दोघांतलं अंतर एका श्रुतीपेक्षाही, म्हणजे आपल्या संगीतातल्या सगळ्यात बारीक पायरीपेक्षाही, कमी. ५२३ ला डीएनए दुरुस्त होत नाही आणि ५२८ ला होतो, असं म्हणायला काहीच आधार नाही. नादाची लांबी बघा: ५२८ हर्ट्झची लाट हवेत साधारण ६५ सेंटिमीटर, शरीरातल्या पाण्यात जवळजवळ तीन मीटर. २ नॅनोमीटरच्या पिळातली एखादी जोडी अशा लाटेला निवडून हलवता येत नाही. डीएनएची दुरुस्ती पेशी स्वतःच करत असते, रात्रंदिवस, त्यासाठी नेमलेल्या प्रथिनांकडून.

आईंना तो सूर ऐकून बरं वाटत असेल तर ते बरं वाटणं खरं आहे, ऐकू द्या. फक्त ते ‘५२८’मुळे आहे का हे घरी तपासता येतं. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या. ५२८ आणि ५१५ असे दोन सूर, आवाज सारखाच ठेवून, प्रत्येकी एक मिनिट वाजवा. कुठला आधी हे नाणं उडवून भावाने ठरवायचं, त्याने खोलीबाहेरून वाजवायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं. आईंनी डोळे मिटून ‘हा माझा’ किंवा ‘हा नाही’ एवढंच सांगायचं. असं २० वेळा, दोन-तीन बैठकांत. नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. १५ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता अंदाजाने फक्त दोन टक्के. सलग वाजवलेत तर कान दोन सुरांची उंची तोलून ओळखेल, म्हणून मध्ये दोन मिनिटं गप्पा मारा. आणि आईंना आधी सांगा की ही त्यांची परीक्षा नाही, सुराची आहे.

श्वसनाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे, कारण शिबिरांतले बहुतेक ‘अनुभव’ इथे तयार होतात. वीस-तीस मिनिटं तोंडाने जोरात श्वास घ्यायला लावतात. पाच-सात मिनिटांत ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हाताची बोटं आपोआप आखडून अंगठ्याकडे चोचीसारखी जमतात, काही जण रडायला लागतात. मग मंचावरून सांगितलं जातं, धागे उघडतायत. घडतं ते असं: रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो, तो झपाट्याने खाली येतो. रक्त अल्कधर्मी बनतं. त्यामुळे मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, मज्जातंतू चटकन पेटू लागतात आणि स्नायू आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं आणि भान पातळ होतं. हे कुणालाही होतं, श्रद्धा असो वा नसो. तरुण, धडधाकट माणसाला थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळं ओसरतं. पण फिट येणारे, हृदयाचे रुग्ण, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गर्भवती, पूर्वी मानसिक आजाराचा झटका येऊन गेलेले, यांच्यासाठी हे धोक्याचं आहे. ५८ वर्षांच्या, साखर असलेल्या बाईंनी यात पडू नये. कधी असं झालंच तर तोंडावर पिशवी धरू नका. बसवा, नाकाने श्वास, उच्छ्वास लांब, आणि बोलत राहा. छातीत दुखलं, एका बाजूला जोर गेला किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखाना.

याउलट संथ श्वास खरंच उपयोगी आहे. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे आत साधारण चार-पाच सेकंद आणि बाहेर पाच-सहा. या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाबाचं नियंत्रण एका लयीत येतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅटिनमधली जपमाळ आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास नकळत मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. आईंना नामजप येतच असेल. एका दमात जेवढा आरामात होतो तेवढा म्हणायचा, मग नाकाने सावकाश श्वास. कुठेही ओढाताण नको, श्वास कोंडायचा नाही. वीस मिनिटं, रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन-अडीच तासांनी. गरगरलं तर आपण नकळत खोल आणि भराभर श्वास घेतोय असं समजायचं आणि नुसतं बसून राहायचं.

गोळीबद्दलचा सापळा तर फार बारीक आहे. थायरॉक्सिनचं शरीरातलं अर्धायुष्य साधारण सात दिवस. आईंनी शिबिराच्या पहिल्या दिवशी गोळी सोडली तर सात दिवसांनी निम्मं, चौदा दिवसांनी पाव, २१ व्या दिवशी आठवा हिस्सा अजून रक्तात असतो. थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ, वजन, थंडी वाजणं हे सावकाश, आठवड्यांनी चढत जातं. म्हणून २१ दिवसांच्या कार्यक्रमाच्या शेवटी माणूस मंचावर उभं राहून मनापासून सांगतो, गोळी सोडली, काही झालं नाही. तो खोटं बोलत नसतो. घड्याळच त्याला फसवतं. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा, थायरॉइड मंदावली की तो वाढतो) नीट बघायचं तर मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. साखरेचंही तसंच, एचबीए१सी ही रक्ततपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, २१ दिवसांत त्यावर निकाल लावता येत नाही. आणि साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर उपासाने साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, गोंधळ, हे ‘शुद्धीकरण’ म्हणून सहन करायचं नसतं, लगेच साखरपाणी द्यायचं असतं.

दुसरा सापळा कॅप्सूलचा. शिबिराबरोबर ‘पेशी-दुरुस्ती’च्या नावाने पूरक गोळ्या दिल्या तर डबीवर बायोटिन (हे एक बी-जीवनसत्त्व) शोधा. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि केस-नखांच्या अशा गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. अनेक प्रयोगशाळांच्या तपासणी-पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटं जास्त दिसतं. कागदावर असं दिसतं की थायरॉइड जोरात चालू लागली, गोळी कमी करा. रक्त देण्यापूर्वी बायोटिन किमान दोन दिवस बंद हवं आणि ते घेत होतो हे प्रयोगशाळेला सांगायला हवं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. साखर बरी करतो अशी जाहिरात शिबिरवाल्यांनी केली असेल तर तशी जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपचार कायद्याने मनाई आहे, हेही त्यांना ऐकवता येईल.

मग साधनेचा जनुकांशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. डीएनएचा क्रम म्हणजे घरातली पोथी समजा. आज कुठला अध्याय उघडला, किती वेळा वाचला, ही झाली अभिव्यक्ती. पोथीतली अक्षरं ध्यानाने बदलत नाहीत. उघडणारा अध्याय मात्र बदलतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी साधकांनी एक दिवस आठ तास ध्यान केलं, आणि दाहाशी संबंधित काही जनुकांची अभिव्यक्ती तो दिवस शांत विरंगुळ्यात घालवलेल्या इतर लोकांपेक्षा कमी दिसली. दोन्ही गट मिळून चाळीसच्या आसपास माणसं, म्हणजे अभ्यास छोटा. २००४ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल यांनी आजारी मुलांची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या आयांमध्ये मानसिक ताण आणि गुणसूत्रांची टोकं आखूड होणं यांचा संबंध दाखवला. हे सगळं मोलाचं आहे. पण जेवण, झोप, चालणं, ताप यांनीही शेकडो जनुकांची अभिव्यक्ती दिवसभर वरखाली होत असते. ‘ध्यानाने जनुकं बदलली’ हे वाक्य खरं ठरतं ते एवढ्याच अर्थाने.

सात पिढ्यांच्या पितृदोषाकडे येऊ. सात पिढ्या मागे गेलं की १२८ पूर्वज होतात आणि प्रत्येकाचा वाटा सरासरी एक टक्क्याहून कमी. आणखी मागे गेलं तर काही पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही, तरी ते आपले पूर्वजच. दुःखाची छाप पुढे जाते याला १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या डच दुष्काळाचा आधार देतात. गर्भावस्थेच्या सुरुवातीला तो दुष्काळ सोसलेल्यांमध्ये साठ वर्षांनंतरही आयजीएफ२ या जनुकावरच्या मिथाइल खुणा वेगळ्या दिसल्या, हे खरं आहे. पण ती मुलं स्वतः त्या पोटात होती. पुढच्या पिढीत जाताना या खुणा बहुतेक दोनदा पुसल्या जातात, एकदा बीजपेशी घडताना आणि एकदा गर्भधारणेनंतर. सात पिढ्या टिकलेली छाप माणसात दाखवली गेलेली नाही. पितरांसाठी आईंना काही करावंसं वाटत असेल तर चांदोदला नर्मदेकाठी श्राद्ध आहेच. ते कृतज्ञतेचं कर्म आहे, त्याला पेशींच्या धुलाईचा दाखला लागत नाही.

साधनेचंही तसंच. याच गावात जानेवारी १९०८ मध्ये विष्णु भास्कर लेले या योग्यांनी अरविंद घोषांना तीन दिवस एका खोलीत बसवलं. सांगितलं एवढंच की विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधी त्यांना परतवा. ना यंत्र, ना आकडा. पुढे पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमातल्या श्रीमाताजी १९६० च्या दशकात पेशींच्या चेतनेबद्दल बोलल्या, पण तीही नामजपाची अनेक वर्षांची वाट होती, वीकएंडचं पॅकेज नव्हतं. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीला कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिल्लाची उपमा दिली, तीही अनुभव सांगायला. आई गरुडेश्वरला, नारेश्वरला जात असतील, तर दत्तसंप्रदायातली साधी, रोजची उपासना त्यांना ठाऊकच असेल. त्यांच्याशी हे बोला. जनुकशास्त्राचा वाद जिंकण्यापेक्षा हे त्यांच्या जास्त जवळचं आहे.

आता भावाचं लग्न. गोत्र बापाकडून मुलाकडे, वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे, एवढं साम्य आहे. पण गोत्र दत्तकाने बदलतं, आणि ग्वाल्हेर-बडोद्याच्या गाद्याही दत्तकांवर चालल्या. गोत्र माहीत नसलं की काश्यप सांगतात. वाय हे सगळ्या डीएनएच्या जेमतेम एक-दोन टक्के. उरलेलं, आईकडून येणाऱ्यासकट, गोत्राला दिसतच नाही. म्हणून सगोत्र टाळून मामेबहिणीशी लग्न केलं तरी दोघांत सरासरी एक अष्टमांश डीएनए समान असतो. उलट सगोत्र पण पंधरा-वीस पिढ्या लांबच्या जोडप्यात रक्ताचं नातं नगण्य असू शकतं. घरातल्या मोठ्यांना गोत्र पाळायचं असेल तर पाळू द्या, फक्त त्याला वैद्यकीय तपासणी समजू नका.

डीएनएमध्ये खरोखर लपलेलं असतं ते वाहकपण. आजार नाही, लक्षण नाही, पण जनुकाची एक प्रत बिघडलेली. भावाची आधी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली, एमसीएच (एका लाल पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकपणाचा, संशय घ्यायचा. सीबीसी ठीक दिसली तरी एचपीएलसी पद्धतीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) हिमोग्लोबिनची तपासणी एकदा कराच, कारण सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक सीबीसीत पकडला जात नाही. एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येतो, म्हणून सोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करा. लोहाची कमतरता निघाली तर ती भरून पुन्हा तपासा. सिकलसेल त्याच एचपीएलसी तपासणीत दिसतो. गुजरात आणि मध्य प्रदेशच्या आदिवासी पट्ट्यात त्याचं प्रमाण जास्त, पण ‘आपल्यात नसतो’ असं गृहीत धरू नका. भावाचा अहवाल स्वच्छ आला तर या दोन आजारांपुरती मुलीच्या तपासणीची घाई नाही. तो वाहक निघाला तर मुलीची तपासणी हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता गंभीर आजाराची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण मोकळ्या बाळाची. त्यासाठी लग्न मोडायची गरज नाही. गर्भाची तपासणी दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून होते, म्हणून जनुकीय समुपदेशकाची भेट दिवस राहण्याआधी घ्यायची. आणि हे सगळं साखरपुड्याच्या आधी विचारलं तर दोन्ही घरांना सोपं जातं.